बसल्यावर कसा दिसतो, ते आधी बघा

शिवणयंत्रापाशी : प्रश्न वाचकांचे, उत्तरं मावशींची

गेल्या अंकात युरोपातल्या राण्या आणि राजकन्यांच्या संध्याकाळच्या गाऊनचं रंगीत पान छापलं आणि पत्रांचा गठ्ठा येऊन पडला. संपादकांनी तो उचलून माझ्याकडे धाडला. आयुष्यभर ठाकूरद्वारला ब्लाउज आणि झगे शिवलेल्या बाईला यातलं काही कळत असेल, असा त्यांचा समज. कळतं. पण निम्म्या पत्रांत कुणाचे दंड बारीक, कुणाची कंबर सुटली, कुणाला आता हे वय शोभत नाही, असलंच आहे. ती पत्रं मी बाजूला ठेवली. दुकानातही माप घेताना आकडा वहीत लिहायचा आणि गप्प बसायचं, हाच माझा शिरस्ता होता. कपड्याबद्दल मात्र बोलेन, आणि तोंड आवरून बोलणार नाही.

मावशी, एवढा लाखमोलाचा गाऊन आणि त्यावर सौंदर्यस्पर्धेत घालतात तसा तिरका पट्टा! सगळी शोभा जाते. यांना कुणी सांगत कसं नाही? — एक गृहिणी, सांगली

ताई, तो पट्टा कुणी हौसेने घालत नाही. राज्याच्या मोठ्या सन्मानाची ती खूण आहे. परदेशी राष्ट्रप्रमुखासाठी राजवाड्यात मेजवानी असली की पुरुषांनी काळा टेलकोट आणि पांढरा बो घालायचा. बायकांनी जमिनीपर्यंतचा गाऊन, टियारा म्हणजे रत्नजडित छोटा मुकुट, आणि मिळालेल्या सन्मानाचा पट्टा. पाहुणीने यजमान देशाचा पट्टा घालायचा, असा शिष्टाचार. म्हणजे रंग तिच्या हातात नाही. डेन्मार्कच्या एलिफंट सन्मानाचा फिकट निळा, स्वीडनच्या सेराफिमचाही फिकट निळा, नॉर्वेच्या सेंट ओलावचा लाल आणि त्याला कडेने पांढऱ्या-निळ्या रेघा. खांदाही ठरलेला. बहुतेक पट्टे उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला उतरतात, पण ब्रिटनचा गार्टर आणि डेन्मार्कचा एलिफंट डाव्या खांद्यावरून उजवीकडे येतात. ब्रिटिश राजघराण्यातल्या बायकांच्या डाव्या खांद्याजवळ आणखी एक वस्तू असते : राजाचं किंवा राणीचं चिमुकलं चित्र, रेशमी फितीच्या बोवर टाचलेलं. एलिझाबेथ राणीची फीत पिवळी होती, चार्ल्स राजाची फिकट निळी आहे.

आता हे शिवणाऱ्याच्या बाजूने बघा. गाऊनची कल्पना सुचायच्या आधीच छातीवरची एक तिरकी वाट आणि एक खांदा गेलेला. पट्ट्याच्या खालच्या टोकाला जड पदक, ते कापडाला ओढणार. खांद्यावर तो पिनेने किंवा ब्रोचने धरून ठेवायचा, म्हणजे खाली धरायला काहीतरी हवं. बिनखांद्याचा गाऊन असला तर पट्टा उघड्या कातडीवर घसरत राहतो आणि बिचारी रात्रभर एक खांदा उचलून बसते. छातीच्या मधोमध मोठी वेलबुट्टी भरली असेल तर पट्टा ती बरोबर कापतो. पैठणीच्या पदरावर शाल गुंडाळल्यासारखं होतं ते.

शोभा जाते ती पट्टा विसरून गाऊन शिवणाऱ्यामुळे. सप्टेंबर २०२५ मध्ये विंडसरला ट्रम्प यांच्यासाठी मेजवानी झाली, तेव्हा वेल्सची राजकन्या केट हिने फिलिपा लेप्ली यांच्याकडचा सोनेरी लेसचा पोशाख घातला होता. लेसची नक्षी अंगभर सारखी. मधे मोठा बुट्टा नाही, त्यामुळे पट्ट्याने काही झाकलंच नाही. हे खरं डोकं. त्याच वर्षी जुलैत फ्रान्सच्या अध्यक्षांच्या मेजवानीला तिने पॅरिसच्या जिवॉन्शीचा एकरंगी लाल गाऊन घातला, तोही त्याच हिशेबाने बरोबर. पण मला विचाराल तर लाल जास्त चांगला. सोनेरीवर निळा पट्टा, शिवाय टियारा, शिवाय लोंबते कानातले, म्हणजे डोळ्याला टेकायला जागाच उरत नाही.

आणि एक. या मेजवान्यांत चार-चार तास बसायचं असतं. समोरच्याला टेबलाच्या वरचाच भाग दिसतो. तुम्ही फोटोत घेर बघता, मी मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, बघते. हात पुढे नेऊन काटा-चमचा उचलला की बगलेपाशी झोल पडतो का, गळा पुढे येतो का, पाठीची चेन फुगते का? उभ्याने सुंदर आणि बसल्यावर पोत्यासारखा, असे गाऊन राजवाड्यांतही पुष्कळ आहेत.

नेदरलँड्सची माक्सिमा राणी अंगावर दुकानच मांडते असं नाही वाटत तुम्हाला? — एक शिक्षिका, इचलकरंजी

वाटतं, आणि तरी मला ती आवडते. मूळची अर्जेंटिनाची, उंच, हसते मोकळी. अशा बाईला नाजूक साखळी घातली तर साखळीच हरवेल.

३० एप्रिल २०१३ ला ॲमस्टरडॅमच्या न्यूवे केर्कमध्ये तिच्या नवऱ्याचा राज्यग्रहण सोहळा झाला. तेव्हाचा यान तामिन्याऊ यांचा गडद निळा गाऊन आठवा. जमिनीपर्यंतचा, खांद्यावरून त्याच निळ्याचा केप. शेजारी नवरा पांढऱ्या फरचं अस्तर लावलेला राजझगा घालून उभा. त्या पांढऱ्या ढिगाशेजारी फिका रंग पार पुसून गेला असता आणि नुसता झगझगीत गाऊन नाटकी दिसला असता. गडद निळा, त्यावर त्याच निळ्याचं काम, डोक्यावर नीलमणी. एकच रंग घेऊन एवढी श्रीमंती दाखवणं सोपं नाही. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत युरोपच्या कुठल्याही राणीच्या अंगावर याहून नेटकं काम दिसलेलं नाही.

उलट ऑक्टोबर २०१८ ला लंडनच्या राजवाड्यात तिने स्टुअर्ट टियारा घातला. त्यात सुमारे ४० कॅरटचा हिरा आहे, आणि कित्येक दशकं तो पेटीबाहेर आलेला नव्हता. असा हिरा डोक्यावर असेल त्या रात्री गाऊनने तोंड मिटून बसावं. माक्सिमाला हे जमत नाही. तिला सगळ्यांनीच बोलायला हवं असतं.

मी पुण्यात फॅशन डिझाइन शिकते. राण्या जुने गाऊन पुन्हा घालतात त्याची बातमी होते. आमच्या घरी आजीचा शालू तीन पिढ्या घालतात, त्याची कुठे होते? यात खरंच कौतुक करण्यासारखं काही आहे का? — एक विद्यार्थिनी

बाळ, शालू नेसायचा असतो, तो कुणाच्याही अंगाला बसतो. शिवलेला गाऊन एकाच अंगाचा असतो. तो दुसऱ्या अंगावर चढवायचा म्हणजे उसवण आली, आणि उसवायला आत माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, लागते. तेव्हा पुन्हा घालण्यातलं कौतुक राणीचं कमी आणि ज्या कारागिराने पंचवीस वर्षांपूर्वी शिवणीत माया सोडली त्याचं जास्त.

स्वीडनची युवराज्ञी व्हिक्टोरिया २०१८ च्या नोबेल सोहळ्याला आईचा, म्हणजे सिल्व्हिया राणीचा, नीना रिची यांच्याकडचा गाऊन घालून गेली. आईने तो १९९५ च्या नोबेलला घातला होता. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण तोच सोहळा, तीच मुख्य खुर्च्यांची रांग, आणि आईही तिथेच बसलेली. तुलना होणार हे माहीत असूनही ती गेली.

इंग्लंडची राजकन्या बिअट्रिस हिने १७ जुलै २०२० ला लग्नात आजीचा गाऊन घातला. नॉर्मन हार्टनेल यांनी एलिझाबेथ राणीसाठी शिवलेला, १९६२ च्या एका चित्रपटाच्या पहिल्या खेळाला राणी तो घालून गेली होती. मूळ गाऊनला बाह्या नव्हत्या. नातीसाठी ऑर्गन्झाच्या फुगीर बाह्या जोडल्या. यावर तुमच्या वर्गात वाद घाला. मला विचारलंत तर बाह्या चांगल्या आहेत, पण त्या जोडलेल्या आहेत हे कळतं. साटिनसारखं भरीव कापड आणि त्याला पारदर्शक ऑर्गन्झा, दोघांची पडण्याची रीत वेगळी. तरी टाळेबंदीच्या काळात, हाताशी वेळ कमी, आणि मूळ कापडाला कात्री न लावता काम करायचं, हे सगळं धरलं तर माझ्याकडून पासष्ट गुण.

केटने २०२० च्या बाफ्टाला, म्हणजे ब्रिटनच्या चित्रपट पुरस्कारसोहळ्याला, २०१२ मध्ये मलेशियात घातलेला मॅक्वीन या फॅशन घराण्याचा पांढरा-सोनेरी गाऊन काढला. त्या वर्षी आयोजकांनीच पाहुण्यांना जुने कपडे पुन्हा घालून या, असं आवाहन केलं होतं. म्हणून त्याचं मला फारसं कौतुक नाही. सांगितल्यावर सगळेच करतात.

आणि स्पेनची लेतिसिया. नोव्हेंबर २०२१ ला स्टॉकहोमच्या राजवाड्यात मेजवानीला ती एच अँड एमचा तयार गाऊन घालून गेली, डोक्यावर फुलांचा हिऱ्यांचा टियारा, जो १९०६ मध्ये स्पेनच्याच व्हिक्टोरिया युजेनी राणीच्या लग्नासाठी बनवला होता. कंपनी स्वीडनची, म्हणजे यजमानांना मुजरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. लेतिसिया पूर्वी टीव्हीवर बातम्या द्यायची, कॅमेऱ्यात काय उमटतं हे तिला सगळ्या राण्यांपेक्षा जास्त कळतं, आणि इथेही ते कळलेलंच होतं. स्वस्त गाऊन आणि शंभर वर्षांचे हिरे हा मथळा आयता तयार होता. पण गाऊन म्हणून बघाल तर? जाळीवरचं भरतकाम दुरून चांगलं दिसत होतं, आणि तिच्या अंगावर बसलाही छान. छान बसला याचा अर्थ राजवाड्यातल्या शिंपिणीने तो मापाला आणला असणार. मग साधेपणा कुठे राहिला? परीक्षेत हे उत्तर लिहू नकोस, गुण जातील.

नोबेलच्या मेजवानीत स्वीडनच्या राजघराण्यातल्या बायका गडद, भडक रंग घालतात. आपल्याकडे लग्नातही कुणी इतका जांभळा घालणार नाही. — एक निवृत्त ग्रंथपाल, अमरावती

भिंत बघा आधी. मेजवानी होते ती स्टॉकहोमच्या नगरभवनातल्या निळ्या सभागृहात, आणि तिथे निळं काहीच नाही. वास्तुविशारदाने निळा गिलावा ठरवला होता, पण उघड्या लाल विटा इतक्या आवडल्या की तशाच ठेवल्या. नाव राहिलं. आता लाल विटांच्या भिंतीपुढे, मेणबत्त्यांच्या पिवळ्या उजेडात तेराशे माणसं बसलेली. तिथे बदामी, गुलाबी, पीच घालाल तर भिंतीत मिसळाल. जांभळा, हिरवा, निळा तिथे उठतो. सिल्व्हिया राणीला १९७६ पासून हे पाठ आहे. शिवाय मुख्य पाहुणे जिन्यावरून खाली उतरतात, सगळ्यांच्या नजरेसमोर. पायऱ्यांची उंची ठरवताना वास्तुविशारदाने आपल्या बायकोला गाऊन घालून चढउतार करायला लावली होती, असं तिथे सांगतात. खरं असेल तर त्या घरात एक तरी माणूस शहाणं होतं.

२०१९ ला याच सोहळ्याला अर्थशास्त्राचं नोबेल घ्यायला एस्थर डुफ्लो साडी नेसून गेल्या, शेजारी नवरा अभिजित बॅनर्जी धोतर आणि बंदगळ्यात. अभिजित यांची आई माहेरची पाटणकर, हे आपल्याकडे सगळ्यांनी तेव्हा एकमेकांना दहादा सांगितलं. मी मात्र पायांकडे बघत होते. जिना उतरताना गाऊनवाल्या बायकांना एका हाताने घेर उचलावा लागत होता. साडीला निऱ्या होत्या, दोन्ही हात मोकळे.

राण्यांच्या गाऊनवरचं मण्यांचं काम आपल्या मुंबईत होतं असं ऐकलं. खरं का? — एक वाचक, ठाणे

सगळंच होतं असं म्हणू नका, पण पुष्कळ होतं, आणि ते आजचं नाही, फार पूर्वीपासून होतं.

१९०२ पासून सुरू करू. सातव्या एडवर्डची राणी अलेक्झांड्रा हिने ९ ऑगस्ट १९०२ च्या राज्याभिषेकासाठी जो सोनेरी पोशाख घातला, त्याचं जाळीदार कापड भारतात भरून घेतलेलं होतं. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी ते काम करून घेतलं. मग ते कापड पॅरिसला गेलं आणि तिथल्या मोरँ-ब्लोसिए या घराण्याने शिवलं. शिवणाऱ्या घराण्याचं नाव इतिहासात राहिलं. भरणाऱ्या हातांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

१९५३ ला एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या गाऊनवर हार्टनेल यांनी राष्ट्रकुलातल्या देशांची फुलं भरली, त्यात भारतासाठी कमळ होतं. ते काम मात्र लंडनमध्येच झालं. कमळ आपलं, सुई त्यांची.

आता अलीकडचं. १० एप्रिल २०१६ ला केट मुंबईत होती. दुपारी ओव्हल मैदानावर मुलांबरोबर क्रिकेट खेळली तेव्हा अंगात अनिता डोंगरे यांचा ड्रेस होता, आणि तो लोकांनी असा शोधला की दुकानाची वेबसाइटच बंद पडली. संध्याकाळी ताजमहाल हॉटेलात मेजवानी, शाहरुख खान, सचिन तेंडुलकर, माधुरी वगैरे सगळे हजर. तेव्हा तिने जेनी पॅकहॅम यांचा निळा गाऊन घातला. त्यावरचं मण्यांचं काम भारतीय कारागिरांनी केल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. गाऊन म्हणून मला तो बेताचाच वाटला. वरचा भाग मण्यांनी भरलेला, खाली पातळ कापड, कमरेपाशी दोघांचा सांधा ओढल्यासारखा. जड भरतकाम पातळ कापडाला जोडायचं तर मधे अस्तराची पट्टी घालून वजन तिच्यावर घ्यावं लागतं. फोटोवरून मला ती पट्टी दिसली नाही. पण निवड म्हणून शंभर गुण : ब्रिटिश घराण्याचा गाऊन, भारतीय हात, आणि मुंबईची रात्र.

३० मार्च २०२३ ला पॅरिसच्या दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर आपला फॅशन शो केला. त्यांचं बरंच भरतकाम मुंबईतल्या चाणक्य इंटरनॅशनलच्या कार्यशाळेत होतं, म्हणून. मला आनंद झाला तो एवढ्यासाठी की कुणीतरी हे उघड बोललं. माझ्या दुकानातून लग्नाच्या ब्लाउजचं कापड खाटली वर्कसाठी, म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून भरायला, जायचं, तेव्हा खाटल्याभोवती बसलेली मुलं मध्येच सांगायची की मावशी, तुमचा ब्लाउज उद्या, आज बाहेरचा माल आहे. बाहेरचा म्हणजे कुठला, ते त्यांनाही माहीत नसायचं. नक्षीचा कागद यायचा, त्यावर नाव नाही, नुसता नंबर.

दागिन्यांतही हेच. केटने डिसेंबर २०२२ ला बोस्टनमध्ये भाड्याने घेतलेल्या हिरव्या गाऊनवर पाचूंचा चोकर घातला. तोच डायनाने १९८५ ला मेलबर्नमध्ये कपाळावर बांधला होता. त्या पाचूंचा माग थेट १९११ च्या दिल्ली दरबारापर्यंत जातो, तेव्हा भारतातल्या स्त्रियांकडून मेरी राणीला पाचू भेट गेले होते. भाड्याचा गाऊन आणि भेटीचे पाचू. यावर मी जास्त बोलत नाही, संपादक कापतात.

डायनाचा तो काळा ड्रेस! माझ्या तरुणपणी सगळ्यांनी नावं ठेवली होती, आता सगळे डोक्यावर घेतात. तुमचं खरं मत सांगा. — एक निवृत्त बँक अधिकारी, नागपूर

दादा, काळे ड्रेस दोन आहेत, आणि दोन्ही बघितल्याशिवाय उत्तर नाही.

पहिला मार्च १९८१ चा. साखरपुडा नुकताच झालेला, लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमधला कार्यक्रम, वय १९. इमॅन्युएल दांपत्याने शिवलेला, बिनखांद्याचा काळा तफेता. तो अंगावर नीट बसलाच नव्हता. गाडीतून उतरताना पुढे वाकली आणि छातीपाशी कापड सैल पडलं. सगळ्या वर्तमानपत्रांत तोच फोटो. दोष डायनाचा नव्हता. बिनखांद्याच्या गाऊनला आत कमरेशी घट्ट पट्टा लावतात, त्यावर सगळं वजन तोलतं. तो बरोबर बसला तर वाकलं काय, नाचलं काय, ड्रेस जागचा हलत नाही.

दुसरा २९ जून १९९४ चा. लंडनच्या सर्पंटाइन गॅलरीतली पार्टी. त्याच संध्याकाळी चार्ल्सने टीव्हीवर आपल्या बाहेरच्या संबंधांची कबुली दिली. डायनाने क्रिस्तिना स्ताम्बोलियन यांचा ड्रेस घातला. तीन वर्षं कपाटात पडून होता, फार धीट वाटतो म्हणून घातला नव्हता. खांदे उघडे, गुडघ्याच्या वर, एका बाजूला शिफॉनची लांब पट्टी. लोक त्याला सूडाचा ड्रेस म्हणतात. मला तो बेतलेला दिसतो, अक्षरशः. १९८१ च्या ड्रेसमध्ये हात सतत छातीकडे जात होता, इथे ती ताठ चालत गेली, हात पुढे, पर्स हातात, आणि कुठेही काहीही सरकलं नाही. छातीपाशी चुण्या तिरक्या घेऊन कमरेच्या एका बिंदूत आवळल्या आहेत, कापड उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं. कारागिरी पहिल्या दर्जाची. राजघराण्याचे संकेत वगैरे तुम्ही म्हणाल. विभक्त होऊन दीड वर्ष झालेल्या बाईने कुणाचे संकेत पाळायचे?

तिने जून १९९७ मध्ये न्यूयॉर्कला ७९ पोशाख लिलावात काढले, धर्मादायासाठी. ३२ लाख डॉलरच्या वर पैसे आले. सगळ्यात महाग गेला तो व्हिक्टर एडेलस्टाईन यांचा निळा मखमली गाऊन, १९८५ ला व्हाइट हाउसमध्ये नट जॉन ट्रॅव्होल्टाबरोबर नाचताना घातलेला, २,२२,५०० डॉलरला. मखमल नाचायला कठीण, दिव्यात उष्ण, बसलं की मागे चमक मरते. पण फिरताना घेर कसा उघडला ते बघा. शिवणाऱ्याने नाच डोळ्यांसमोर ठेवून कापलेला घेर आहे तो.

२०१८ ला बाफ्टामध्ये बहुतेक नट्या लैंगिक छळाचा निषेध म्हणून काळ्यात आल्या, केट मात्र हिरव्यात. भ्याडपणा की शिस्त? — पत्राखाली नाव नाही

राजघराण्याने राजकीय पवित्रा घ्यायचा नाही हा नियम. तिने गडद हिरवा घातला आणि कमरेला काळी फीत बांधली. नियम पाळायचा तर पाळावा, मोडायचा तर मोडावा. फितीएवढा निषेध कुणाच्याच उपयोगाचा नाही, आणि गाऊनलाही ती फीत चांगली दिसत नव्हती.

गळा किती खोल असावा? — एक नववधू, चिपळूण

वाकून जेवण वाढता आलं पाहिजे, एवढा.

मावशी, राजेशाही जगातून गेली म्हणता म्हणता तुम्ही राण्यांचे गाऊन रंगवून सांगताय. त्यांचा खर्च लोकांच्या करातून होतो. या पानावर आपल्या विणकरांबद्दल लिहा. — एक कार्यकर्ता, मालेगाव

विणकरांबद्दल लिहिते, पुढेही लिहीन, तुम्ही पत्र पाठवत राहा. पण एका राणीचं सांगू द्या, कारण तिला मी राणीपेक्षा आमच्यातली समजते.

डेन्मार्कची मार्गारेथ. ५२ वर्षं गादीवर राहून १४ जानेवारी २०२४ ला स्वतःहून उतरली. बाई सहा फूट उंच, चित्रकार, बॅलेसाठी वेशभूषा करणारी, चर्चमधल्या धर्मगुरूंचे झगे स्वतः रेखाटणारी आणि भरणारी. टेबलावर घालतात त्या फुलाफुलांच्या मेणकापडाचा रेनकोट शिवून घेतला आणि घालून फिरली. कापडाची लाज नाही आणि किमतीचा ताठा नाही. तिचे संध्याकाळचे गाऊन सुंदर असतात असं मी म्हणणार नाही. काही तर भयंकर आहेत, बाह्या एवढ्या फुगलेल्या की शेजारच्या पाहुण्याला मान वळवायची पंचाईत. पण प्रत्येकात कुणीतरी विचार केलेला दिसतो, आणि बहुतेक वेळा तो विचार तिचा असतो. तिने चुकीचा गाऊन घातला तरी तो तिचा असतो. आजच्या तरुण राण्यांचं मला हेच खटकतं. फॅशनची घराणी बदलतात, रंग बदलतात, मागे सल्लागारांचा ताफा असतो, आणि चूक होतच नाही. चूक होत नाही म्हणून आठवतही नाही.

दर ३१ डिसेंबरला संध्याकाळी सहाला ती टेबलामागे बसून देशाशी टीव्हीवर बोलायची. अंगात गाऊन असायचा, पण देशाला कमरेच्या वरचाच दिसायचा. २०२३ च्या ३१ डिसेंबरला याच खुर्चीतून तिने गादी सोडत असल्याचं सांगितलं. त्या भाषणाचे फोटो मिळाले तर बघा. खांद्याची शिवण बरोबर खांद्यावर आहे, कागद उलटताना बाही आखडत नाही. कराचे पैसे गेले, पण शिंपिणीने कामाला न्याय दिला. आता मालेगावच्या विणकरांच्या कापडाबद्दल तुम्हीच चार ओळी लिहून पाठवा, मी छापायला लावते.

लेकीच्या स्वागतसमारंभासाठी गाऊन शिवायचा आहे. गेल्या अंकातला केटचा लेसचा तिला हवाय. शिंपी म्हणतो चाळीस हजार. कसा जमवू? — एक आई, बेळगाव

लेस विकत घ्या, पण अंगभर नको. वरचा भाग आणि बाह्या लेसच्या, खालचा घेर क्रेपचा. खर्च निम्म्यावर येईल आणि लेक हलकी राहील. लेसखाली त्वचेच्या रंगाचं अस्तर लावा, पण कापड सुती असू द्या, बेळगावात पावसाळ्यात दमटपणा असतोच. चेन पाठीत न घेता बाजूला, डाव्या बगलेखाली घ्या, म्हणजे पाठीची लेस मधोमध कापली जाणार नाही. मुंढा खोल कापू देऊ नका. शिंपी म्हणेल खोल मुंढ्यात हात मोकळा राहतो. उलट असतं. मुंढा बगलेच्या जवळ असला की हात वर करताना फक्त बाही वर जाते, सगळा गाऊन नाही. दोन्ही बाजूंना इंचभर माया सोडायला सांगा आणि बिल देण्याआधी उसवून स्वतः बघा. ट्रायलला लेकीला उभं करून फोटो काढू नका. खुर्चीवर बसवा, हातात ताट द्या, आणि समोरून बघा. नमस्काराला वाकायला लावा, दोनदा. मग शिंप्याला चाळीस हजारांचं काय ते विचारा.